नवे ड्रेड्स: मुळाशी सैल, कानामागे जोडलेले, कानशिलाशी ठणकणारे

सई_भटकी | ९ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मे अखेरीस गोव्यात ड्रेड्स (केस गुंतवून केलेल्या जाड बटा) करून घेतले. केस सरळ आणि बारीक, खांद्याखालपर्यंत होते. एकूण ४६ बटा, आधी बॅककोम्बिंग (मुळाकडे उलटं विंचरून गुंता करणं) आणि मग क्रोशाच्या सुईने आत ओढून घट्ट केलेल्या. दिसायला झकास. पण आता मुळांची कटकट सुरू झालीय.

मधला भाग आणि टोकं बऱ्यापैकी धरलीत, पण टाळूपासून दीडेक इंच केस सरळसोट मोकळे झालेत. डाव्या कानामागच्या दोन बटा खाली वेगळ्या आहेत आणि मुळाशी एकच. पुढे कानशिलाजवळ पांढुरक्या बारीक पुळ्या आल्यात, कुशीवर झोपलं की तिथे ठणकतं. खाज सगळीकडे. पुण्यात राहते, रोज स्कूटर, म्हणजे हेल्मेट, आणि वर हा पाऊस.

ज्याने केले तो सीझन संपल्यावर हिमाचलात गेला, फोन उचलत नाही. व्हिडिओ बघितले तर जो तो सांगतो की जेल लावून दर महिन्याला मुळं पिळून घ्या. आई म्हणते खोबरेल लाव. मिरजेहून आजी आलीय, ती काहीच बोलत नाही, नुसती बघते. करू काय?

पावट्याची_उसळ | ९ जुलै, रात्री १०:५२

रुमाल टाकून ठेवते. क्रोशाच्या सुईबद्दल बोलायचंय, सावकाश लिहीन.

कोथरूडचा_कट्टा | ९ जुलै, रात्री ११:०५

आम्ही केस विंचरले नाहीत म्हणून मार खाल्ला. आता गुंता करून द्यायचे पैसे घेतात आणि तो सुटला म्हणून लोक रडतात. झिरो मशीन मारा, ताई. पाऊस, हेल्मेट, खाज, तिन्ही प्रश्न मिटतील. (हलके घ्या)

शंखिनी | ९ जुलै, रात्री ११:२०

कट्टेकरी, झोपा आता.

सई, फोटो टाक. बटांचा नको, टाळूचा. दोन बटांमधला भांग दिसला पाहिजे.

खारा_वारा | १० जुलै, सकाळी ७:१५

पेडण्यात राहतो, सीझनला हरमलला हेच काम करतो, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी साधा हिशोब. केस महिन्याला एक-सव्वा सेंटीमीटर वाढतात. तुझे ड्रेड्स दीड महिन्याचे, म्हणजे नवी वाढ फार तर दोन सेंटीमीटर. तू म्हणतेस दीड इंच, म्हणजे पावणेचार सेंटीमीटर. तेव्हा निम्मं जे मोकळं दिसतंय ती वाढ आहे, त्यात बिघाड काही नाही. उरलेलं निम्मं खरोखर सुटलंय, आणि ते का सुटलं हे शोधायचं.

सरळ केसांची गाठ आपोआप बसत नाही. तिला आतून भरण लागते, आणि ती भरण म्हणजे गळणारे केस. दिवसाला ५० ते १०० केस सगळ्यांचेच गळतात. एरवी ते फणीत येतात आणि आपण गुंतवळ करून टाकून देतो. आता तेच बटेत अडकून राहतात आणि नव्या वाढीला हळूहळू आत ओढतात. ह्याला वेळ लागतो. पहिलं वर्षभर मुळाशी बोटभर केस मोकळे असणं हे सरळ केसांत चालायचंच. गिऱ्हाइकाला हे सांगितलेलं आवडत नाही, म्हणून पुष्कळ जण सांगत नाहीत. टाळूपर्यंत टाइट करून देतात, फोटो छान येतो.

आता मला सांग:
मुळाशी रबर आहेत का?
वॅक्स लावलंय का?
कशाने धुतेस आणि पाणी कुठलं?
ठणकतं तिथली बट हलकेच वर धरली तर खालची कातडी उचलून येते का?

आणि ह्याची उत्तरं येईपर्यंत कानशिलाच्या बटांना सुई लावू नकोस. कोणालाही लावू देऊ नकोस.

सई_भटकी | १० जुलै, दुपारी १:३०

रबर आहेत, पुढच्या पूर्ण ओळीत, काळे बारीक. तो म्हणाला होता राहू देत, आपोआप तुटतील.
वॅक्स होय, पिवळसर, मधासारखा वास. मुळांनाच लावलं होतं.
धुणं त्यानेच दिलेल्या साबणाच्या वडीने. पाणी सोसायटीच्या बोअरचं, मध्येमध्ये टँकर. टाळूवर नख फिरवलं की राखाडी चिकट काहीतरी निघतं. मला वाटलं कोंडा.
कातडी उचलते. उजव्या कानशिलाशी जास्त.

आणि हो, गेल्या रविवारी आईने तेल चोपडलं. फोटो टाकलेत.

शंखिनी | १० जुलै, दुपारी ३:१०

राखाडी चिकट म्हणजे कोंडा नव्हे, निदान सगळा नव्हे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं. साबणाशी त्याची गाठ पडली की न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला जे पांढरं कडं बसतं ना, तेच तुझ्या मुळांत बसलंय. साबणाची वडी "नैसर्गिक" आहे ह्याने काही फरक पडत नाही. शाम्पूमध्ये साबण नसतो, त्यामुळे जड पाण्यातही हा प्रकार फारसा होत नाही. म्हणून बोअरच्या पाण्याला वडी बंद आणि साधा पारदर्शक शाम्पू चालू. दुधाळ, क्रीमवाला, "स्मूथ अँड सिल्की" लिहिलेला नको, त्यातल्या सिलिकोनने आणि कंडिशनरने केस घसरतात आणि आहे ती गाठही सुटते.

शाम्पू पाण्यात पातळ करून नोझलच्या बाटलीत भर आणि भांगाभांगांत सोड. बोटांच्या पेरांनी टाळू चोळ. बटा चोळायच्या नाहीत, खाली उतरणारा फेस त्यांना पुरतो. मग पाणी, पाणी, पाणी. आपल्याला वाटतं निघाला, त्यानंतर तेवढंच पुन्हा. साका काढायला एकदा लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घालून ते ओत आणि धुऊन टाक. पुळ्या फुटलेल्या असतील तर तिथे नको, चरचरेल.

वॅक्सचं अवघड आहे. मेण वितळायला साठाच्या वर अंश लागतात, इतकं गरम पाणी डोक्यावर घेता येत नाही. त्यामुळे ते "धुऊन जाईल" हे कोणी सांगितलं असेल तर त्याला आधी स्वतःच्या डोक्यावर करून दाखव म्हणावं. मुळाशी लावलेलं मेण केसांबरोबर खाली सरकत जातं आणि त्यावर धूळ बसते. मुळं मोकळी झालीत हे तुझ्या पथ्यावर आहे: त्या मोकळ्या भागातलं मेण आत्ताच तेल लावलेल्या कापसाने केस-केस पुसून काढता येईल, आणि लगेच शाम्पू. तेलाचा ह्या धाग्यात एवढाच उपयोग.

मुठेकाठचा | १० जुलै, दुपारी ४:०२

बेकिंग सोडा? सगळीकडे सांगतात.

शंखिनी | १० जुलै, दुपारी ४:१५

सांगतात खरं. सोड्याच्या पाण्याचा पीएच आठाच्या वर जातो, टाळूचा साडेपाचाच्या आसपास. एखाद्या वेळी बटांच्या लांबीला भिजवायला ठीक, पण ज्या टाळूवर आधीच पुळ्या आहेत तिथे दर आठवड्याला सोडा घालणं म्हणजे दुखणं विकत घेणं. शिकेकाई-रिठ्याचंही सांगून ठेवते, कारण आता कोणीतरी विचारणारच. काढा करून, फडक्यातून दोनदा गाळून चालेल. पूड थेट लावलीत तर ती बटेत अशी बसते की पुढच्या दिवाळीपर्यंत तपकिरी कण निघत राहतात.

त्वचेकरी | १० जुलै, रात्री ९:३०

फोटो पाहिले. फोटोवरून निदान करत नाही, पण जे दिसतंय त्यावर बोलता येईल. (त्वचारोगाची डॉक्टर आहे, ड्रेड्सबद्दल तक्रार नाही.)

कानशिलाशी तीन गोष्टी दिसतायत. केसाच्या मुळाभोवती लाली आणि पुळी. काही केसांवर पांढरी नळीसारखी साल. आणि पुढच्या कडेला आखूड तुटलेले केस. ही पांढरी साल नखाने केसावरून पुढेमागे सरकते का बघा. सरकत असेल तर ती ताणाची खूण आहे. सरकत नसेल, घट्ट चिकटलेली असेल, तर लिख असू शकते.

हे ताणामुळे होणाऱ्या केसगळतीचं सुरुवातीचं चित्र आहे. पहिले काही महिने ताण काढला की केस परत येतात. तोच ताण वर्षानुवर्षं राहिला तर मूळच मरतं, तिथे व्रण होतो आणि मग कुठलंही तेल, कुठलंही इंजेक्शन ते केस आणत नाही. कानशिलं आणि कपाळाची कड ह्यांना सगळ्यात आधी फटका बसतो, कारण तिथले केस मुळातच नाजूक.

म्हणून क्रम असा: पुढच्या ओळीतले रबर आज काढा, ओढून नव्हे, बारीक कात्रीने कापून. जिथे कातडी उचलते तिथल्या बटांचं मूळ सैल करा. सैल होत नसेल तर ती बट उकला. आठवडाभरात ठणका आणि लाली कमी व्हायला हवी. पू वाढला, पुळीचं मोठं केसतोड झालं, मानेत गाठ आली किंवा ताप आला तर धागा बंद करा आणि दवाखान्यात जा.

खाजेचं वेगळं. ती कुठे आहे त्यावरून बरंच कळतं. सगळ्या टाळूवर आणि पिवळट तेलकट पापुद्रे असतील तर तो आपला नेहमीचा कोंडा, मॅलासेझिया नावाच्या यीस्टचा. ते टाळूवरच्या स्निग्धावर जगतं, तेव्हा आईंना सांगा की तेल आपण कोंड्याला वाढतोय, केसांना नाही. केटोकोनॅझोल २ टक्केवाला शाम्पू आठवड्यातून दोनदा, टाळूवर ३ ते ५ मिनिटं ठेवून, दोन ते चार आठवडे. ड्रेड्समध्येही चालतो, फक्त टाळूपर्यंत पोचवा. खाज मानेवर आणि कानांमागे जास्त असेल, रात्री वाढत असेल, तर आधी उवा बघा. लाज वाटायचं कारण नाही, उवा ड्रेड्स आणि वेणी असा भेद करत नाहीत.

एक विनंती. मेडिकलमधून तीन-चार औषधं एकत्र असलेली ती मलमाची ट्यूब आणून लावू नका. तिच्यात बहुधा स्टेरॉईड असतं, आठ दिवस छान वाटतं आणि नायटा असेल तर पसरतो.

कोथरूडचा_कट्टा | १० जुलै, रात्री ९:४८

डॉक्टर, माझी सूचना वैद्यकीयदृष्ट्या कशी वाटते?

त्वचेकरी | १० जुलै, रात्री ९:५५

प्रभावी. पण रुग्णाची संमती लागते.

पावट्याची_उसळ | १० जुलै, रात्री ११:३०

आले. क्रोशाचं काम गेली कित्येक वर्षं करतेय, रुमाल, तोरणं, आता भाचीचे ड्रेड्सही. ती आली की ओट्याशी स्टुलावर बसवते.

सुई कुठली होती? लोकरीची जाड सुई केस तोडते. लेस विणायची अगदी बारीक, ०.५ किंवा ०.७५ मिमीची लागते. आणि सुई केस "ओढत" नाही, आकड्यात पकडते. पकडलेला केस आत जायला जागा नसली की तुटतो. तो कट्-कट् आवाज येतो ना, तो ऐकू आला की थांबायचं. बटा काळजीपूर्वक बघा: पृष्ठभागावर सगळीकडे आखूड, ताठ, एकाच लांबीची टोकं वर आली असतील तर ते तुटलेले केस आहेत. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा गाठोळा असतो, तुटलेल्याला नसतो. पाच-सहा केस उजेडात धरले की कळतं.

आणि मुळाशी कधीही शेवटच्या टाक्यापर्यंत जायचं नाही. रुमालाची पहिली साखळी घट्ट घातली की पुढे कितीही नीट विणा, रुमालाची वाटी होते. टाळूपाशी करंगळीच्या नखाएवढे केस मोकळे सोडायचे, म्हणजे बट उलटसुलट वळते आणि कातडी ओढली जात नाही. सुटलेले केस आत घ्यायचे असतील तर ते आधी बटेभोवती बोटाने गुंडाळायचे, मग सुई आडवी घालून अगदी थोडे थोडे. दर आठवड्याला नाही हो. दोन-अडीच महिन्यांतून एकदा भरपूर झालं.

टोरांटोची_वैनी | ११ जुलै, पहाटे ३:२०

आमच्याकडे संध्याकाळ आहे, म्हणून जागी. सई, तू बघितलेले व्हिडिओ बहुतेक दाट कुरळ्या, आफ्रिकन वंशाच्या केसांसाठी आहेत. इथे माझी शेजारीण जमैकन आहे, तिचे आणि तिच्या मुलींचे लॉक्स आहेत. त्यांच्याकडे चार-सहा आठवड्यांनी जेल लावून मूळ पिळतात आणि ते तसंच राहतं, कारण त्यांच्या केसाची घडणच पिळाची. तिनेच माझे केस हातात घेऊन सांगितलं की तुझ्या केसांवर हे संध्याकाळपर्यंतही टिकणार नाही. सरळ केस पिळला की उलगडतो आणि जेल मात्र मुळाशी वाळून पांढरं पडतं. पद्धत चांगली आहे, आपल्या डोक्यासाठी नाही.

नाशिकचा_निम्मा | ११ जुलै, सकाळी १०:१०

वैनींना +१. माझे केस लाटदार, जेलने माझंही काही झालं नाही, मग इंटरलॉकिंगकडे वळलो. म्हणजे बटेचं टोक मुळातल्या केसांमधून पलीकडे ओढून काढायचं. जिथे करून घेत होतो तिथे दर वेळी डावीकडून उजवीकडेच ओढायचे. मुळाशी प्रत्येक बटेला भोक पडलं, पेन्सिल जाईल एवढं. भोकाच्या दोन्ही बाजूंना निम्मे निम्मे केस, आणि त्या दोन पायांवर पूर्ण बटेचं वजन. ओली असताना एक तुटलीच.

करायचंच असेल तर दिशा बदलत राहायची: एकदा आडवं, एकदा उभं, मग दोन्ही तिरके. आणि टाळूला टेकेपर्यंत नाही. पण इथलं वाचून वाटतंय की नवीन, बारीक केसांना हे करूच नये. भोक पडलेलं दुरुस्त होतं का? कोणी केलंय?

खारा_वारा | ११ जुलै, दुपारी १२:४५

निम्मा, होतं. भोकाच्या दोन्ही बाजूंचे केस बारीक सुईने एकमेकांत आडवे घ्यायचे, एका बैठकीत पूर्ण बंद करायचा हट्ट धरायचा नाही. जिथे पाय फारच बारीक झालाय तिथे शेजारची बट जोडून दोघींची एक करावी.

सई, आता तुझ्या कानामागच्या जोडीचं. कारण साधं आहे, तू डाव्या कुशीवर झोपतेस आणि हेल्मेटचा पट्टाही तिथेच घासतो. दोन बटांच्या मधले मोकळे केस एकमेकांत गुंततात. आत्ता दीड महिन्याचंच आहे, हाताने सुटेल.

धुतल्यावर, केस ओलसर असताना बस. दोन्ही बटा टाळूपासून दोन बोटं वर, एक ह्या हातात एक त्या हातात धर आणि बाजूला घे. टाळूकडे नाही, बाजूला. मध्ये पूल दिसेल. त्या पुलातला एकेक केस बघ, तो टाळूत कुठे उगवलाय. भांगाच्या ह्या बाजूला उगवला असेल तर ह्या बटेचा, त्या बाजूला असेल तर त्या. बोथट सुई घेऊन तो केस पुलातून मोकळा कर आणि त्याच्या घरी पाठव. घाई केलीस तर पाच मिनिटांत फाडून होतं, नीट केलंस तर एका जोडीला अर्धा तास जातो. काही केस कुणाचेच नसतात, ते गळलेले असतात, कुठल्याही बटेत घाल.

मग दर धुण्यानंतर भांगांवरून बोट फिरवून सगळ्या बटा एकदा एकमेकींपासून सुट्या कर. एवढं एक काम न चुकता, बाकी मुळांच्या वाटेला जाऊ नकोस. वाटलंच तर आठवड्यातून एकदा बटेचं मूळ टाळूवर टेकवून बोटाने गोल फिरव, कायम एकाच दिशेने. कानशिलाच्या बटा सोडून.

पुढच्या ओळीबद्दल: फोटोत खण फारच लहान पडलेत. खण म्हणजे भांगाने पाडलेला टाळूचा तुकडा, एका बटेचं मूळ. मागे इंचभर चौरस आहेत ते ठीक, पण पुढे त्याच्या निम्मेही नाहीत, आणि बटा मात्र मागच्याएवढ्याच लांब. कमी केसांना तेवढंच वजन. पुळ्या बसल्यावर पुढच्या दोन-दोन बटा जोडून एक करता येतील.

सई_भटकी | ११ जुलै, रात्री १०:००

रबर कापले. एक काढताना त्याच्याखाली केसांवर खाचच दिसली, तिथे ते जवळजवळ कापले गेले होते. उजव्या कानशिलाच्या चार बटा मुळापासून तीन बोटं उकलल्या. पांढरी साल सरकते, लिख नाही. आजी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, आता सोडतेच आहेस तर शुक्रवारी सोडू नकोस. आणि बटांना हळदकुंकू लावू का म्हणून विचारलं. तिच्या मते मला जट आलीय आणि मी ती गोव्यात केली असं खोटं सांगतेय.

सांगलीची_अक्का | १२ जुलै, सकाळी ८:३०

सई बाळा, आजींवर हसू नको हं कोणी. अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) जटनिर्मूलनात मी बरीच वर्षं गेलेय. डॉ. दाभोलकरांनी १९८९ मध्ये संघटना सुरू केली, त्यानंतर आमच्या भागात हे काम वाढत गेलं. मिरज-जत-सौंदत्ती ह्या पट्ट्यात आजींच्या वयाच्या बाईने जट म्हणजे काय हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पोरीच्या केसात गुंता झाला की यल्लम्मा आली, फणी बंद, हळदकुंकू सुरू, आणि काही घरांतून ती पोर देवाला सोडली जायची. देवाला सोडण्यावर कर्नाटकात १९८२ साली कायद्याने बंदी आली, तरी भीती कायद्याने जात नाही. त्या गप्प बसून बघतायत ते त्यामुळे. त्यांना शेजारी बसवून एक बट उकलून दाखव. सुईने घातली, सुईने निघाली.

ज्या जटा आम्ही काढल्या त्यांची मुळं मी जवळून बघितलीत, म्हणून दोन शब्द. तिथे वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नसतो. बटा मुळाशी जोडत जोडत डोक्यावर एकच चपटी वडी होते, त्याखाली पाणी पोचत नाही, पोचलं तर वाळत नाही. उवा, जखमा, वास, मानेचं दुखणं. ती मग उकलता येत नाही, टाळूलगत कात्रीच लावावी लागते, आणि बायका कात्री लागल्यावर मान हलवून बघतात आणि रडतात. तेव्हा वरच्या मंडळींचं "हात लावू नका" बरोबर, पण बटा सुट्या करणं आणि टाळू धुणं ह्याला ते लागू नाही.

मुठेकाठचा | १२ जुलै, सकाळी ९:१५

वाखू (वाचनखूण) साठवली. अवांतर: साधूंच्या जटांना कोण क्रोशे करतं? कुंभमेळ्यात बघितलं, एकदम मजबूत दिसतात.

खारा_वारा | १२ जुलै, सकाळी ९:४०

कोणी नाही. त्यांना खण-भांग सांभाळायचे नसतात, जोडल्या तर जोडल्या. सरळ ओळीतल्या ४६ वेगवेगळ्या बटा हव्या असणं हे आपलं खूळ, म्हणून काम आपल्यालाच.

शंखिनी | १२ जुलै, सकाळी ११:००

पावसाचं राहिलं. सई, रात्री धुवायचं नाही. सकाळी, आणि बाहेर जायचं नसेल त्या दिवशी. जुन्या सुती टॉवेलात एकेक मूठ बटा घेऊन पिळायच्या (घासायच्या नाहीत), मग पंखा, मग ड्रायर थंडवर ठेवून टाळूलगत. वरून कोरडी वाटणारी बट आत ओली असते. ओल्या केसांवर हेल्मेट चढवलं की दोन दिवसांत कुबट वास, आणि तो मुळांपासूनच सुरू होतो.

हेल्मेट दोन साइज मोठं घेण्याचा मोह होईल. नको. सैल हेल्मेट पडल्यावर निघून जातं. अंबाडा वर न बांधता सगळं मानेवर खाली, सैल, म्हणजे आहे ते हेल्मेट बसेल. आत पातळ सुती टोपी घाल आणि ती रोज धू. पोचल्यावर मुळं बोटांनी उचलून वारा लागू दे, दाबून चपटी झालेली असतात.

सई_भटकी | २४ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१०

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. ठणका रबर काढल्यावर लगेचच गेला, पुळ्या हळूहळू बसल्या. कानशिलाशी आखूड नवे केस आलेत, सरळ उभे राहतात, छान दिसत नाहीत पण आहेत. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं, त्यांनी तोच शाम्पू दिला आणि पुढचे सहा महिने पुढच्या ओळीला घट्ट काही बांधायचं नाही असं बजावलं. साका गेला. वॅक्स अजून थोडं आहे, खाली सरकलंय.

कानामागची जोडी आजीने सोडवली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी कुठला केस कुठल्या भांगातला हे माझ्यापेक्षा तिला जास्त दिसतं. आता दर धुण्यानंतर तीच बसते. हळदकुंकवाचा विषय निघत नाही, "ही बघ परत शेजारणीकडे गेली" एवढंच.

मुळं अजून मोकळी आहेत. मी मोजायचं सोडलंय. उकललेल्या चार बटांचं काय करू? दोन-दोन जोडून टाकू का आता?

खारा_वारा | २४ ऑगस्ट, रात्री ८:३०

आत्ता नको. नवे केस निदान बोटभर होऊ देत, नाहीतर ते बटेत शिरून परत ओढले जातील. तोवर त्या चार नुसत्या कानामागे घे. जोडताना मुळापासून जोडू नकोस, टाळूपासून तीन बोटं सोडून खाली जोड. दोन मुळं, एक बट, वजन वाटलं जातं.

त्वचेकरी | २४ ऑगस्ट, रात्री ९:०५

सहमत. आणि आजींना सांगा, दवाखान्यात जागा आहे.

कोथरूडचा_कट्टा | २४ ऑगस्ट, रात्री ९:४०

आमच्या कन्येला बोध व्हावा म्हणून हा धागा वाचायला दिला. ती आता गोव्याची तिकिटं बघतेय.

खारा_वारा | २४ ऑगस्ट, रात्री ९:५२

नोव्हेंबरनंतर पाठवा, आत्ता इथे काही वाळत नाही. आणि कोणाकडेही बसली तरी आधी विचारायला सांगा: पुढच्या ओळीत खण केवढे पाडणार, आणि मुळाला रबर-मेण लावणार का. लावणार म्हणाला तर उठून यायचं.